आठव्या खेपेचा लाल रंग

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. भाऊजींनी दोनदा उचलला. पहिल्यांदा म्हणाले, "ती कामावर आहे." दुसऱ्यांदा जरा घुटमळले आणि म्हणाले, "कामावर आहे, आणि नसली तरी कामावरच आहे असं सांगायला सांगितलंय मला. आता तूच बघ बाई, तुम्हा दोघींच्या मध्ये मला कशाला भरडता?" तुझा नवरा खोटं बोलायच्या कामी अगदीच निरुपयोगी आहे. चांगलंच आहे म्हणायचं. तर मग पत्र. तू कामावर आहेस असं पत्राला कुणी सांगू शकत नाही. ते तुमच्या दाराच्या फटीतून आत पडेल आणि तू वाचेपर्यंत तिथेच बसून राहील.

काय लिहायचं ते मला नीटसं ठाऊक नाही. डोक्यात नुसता गुंता झालाय. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की काही कळेनासं झालं की जे घडलं ते क्रमाने, आपलं मत न घालता लिहून काढायचं. म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही मी लिहिणार आहे, कंटाळू नकोस. मत न घालता लिहिणं मला जमणार नाही हे आत्ताच दिसतंय, पण क्रम तरी पाळते.

सुरुवात बाबांच्या लाल बिस्किटांपासून. मी त्यांना रेड वेल्वेट कुकी म्हणते आणि बाबा दर वेळी म्हणतात, "तेच ते, लाल बिस्किट. इंग्रजीत म्हटल्याने त्यातलं लोणी वाढत नाही." हिवाळ्याच्या सुट्टीआधी शाळेच्या शेवटच्या दिवशी समोरच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला आपल्या बेकरीतून दोन लाल बिस्किटांचं पाकीट जातं, हे तुझ्या-माझ्या जन्माआधीपासून चालत आलेलं. तो लाल रंग कुठून यायचा ते आपल्या दोघींइतकं कुणाला माहीत असणार? वरच्या फळीवर, तराजूच्या मागे ठेवलेली ती बाटली. एका घमेल्याला एक झाकण. आपण उरलेली बिस्किटं खाऊन आरशासमोर जिभा काढून बघायचो, आणि कुणाची जास्त लाल यावरून तू मला चिमटे काढायचीस.

गेल्या वर्षी तू नव्हतीस. शाळेच्या सभागृहात पाकिटं घेऊन मीच गेले होते. सगळी पोरं कागद फाडत होती आणि दुसरीतली एक चष्मेवाली स्वतःच्या दोन्ही हातांवर बसली होती. मला वाटलं, थंडी वाजतेय. विचारलं तर म्हणाली, "हात पुढे जातात म्हणून." बाटलीतला रंग पोटात गेला की तिच्या अंगावर गांध्या उठतात, डोळे सुजतात. एकदा रात्रभर दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तिच्या आईने पोरीला शिकवून ठेवलं होतं की लाल दिसलं की हातांवर बसायचं. ताई, ते हात मला वर्षभर दिसत राहिले. त्याच महिन्यात माझी पदवी हातात आली होती. आपल्या घरातली पहिली. बाबांनी तिला चौकट करून दुकानात लावली, तीही भट्टीच्या अंगाला, त्यामुळे प्रमाणपत्राचा कागद आतल्या आत पापडासारखा वळलाय. रोज सकाळी ते काचेवरचा मैदा पुसतात आणि मग शटर वर करतात. मला वाटलं, अन्नशास्त्र शिकून मी एवढंही करू शकत नसेन तर त्या काचेवरचा मैदा बाबांनी का पुसावा?

म्हणून या वर्षी मी सगळ्यांना सांगून टाकलं. बाबांना सांगितलं, शाळेच्या मोठ्या बाईंना सांगितलं, पालकांच्या सभेत उभी राहून सांगितलं की यंदा बाटलीतला एक थेंब नाही, रंग फक्त बिटाचा. चष्मेवालीची आई मागच्या रांगेत होती. तिला म्हटलं, "तुमची मुलगीही खाईल. जबाबदारी माझी." टाळ्या वाजल्या. बिस्किट अजून एकही भाजलं नव्हतं.

पुढचं तुला फोनवर थोडं थोडं सांगितलं होतं, पण खरं किती वाईट चाललं होतं ते नव्हतं सांगितलं. कच्चं पीठ असं सुंदर गुलाबी-लाल व्हायचं की बघत राहावं. भट्टीत बारा मिनिटं गेलं की तपकिरी. पहिली खेप चॉकलेटी. दुसरी मातकट. तिसरी बघून आईने विचारलं, "जळली का गं?" म्हटलं, नाही, ही अशीच आहे. चौथ्या खेपेला बीट दुप्पट घातलं तर बिस्किटांना शेतातून उपटून आणल्यासारखा वास यायला लागला. पोस्टमन रोज पत्रं टाकताना डोकावून विचारायचा, "आज कोणत्या मातीची आहेत?" आणि बाबा प्रत्येक फसलेल्या खेपेतली चार-चार बिस्किटं चहाबरोबर मुकाट्याने खायचे. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. मी वहीत लिहीत गेले: खेप एक, अयशस्वी. खेप दोन, अयशस्वी. वही मात्र फार नीटनेटकी आहे माझी.

पाचव्या खेपेला तू आलीस. लोकर रंगवायच्या कारखान्यातून आठ दिवसांची रजा काढून, मनगटापर्यंत निळसर झालेले हात आणि ती मोठी पिशवी घेऊन. पिशवीत तुमच्याकडची न रंगवलेली पांढरी लोकर आणि भाऊजींचा तो तीन वर्षांत न संपलेला स्वेटर. आल्या आल्या तू हात धुतलेस, पदर खोचलास आणि परातीपाशी अशी बसलीस की मधली तीन वर्षं कुठे गेलीच नव्हतीस. मी भिंतीला टेकून बघत होते आणि मला एकदम आठवलं, मी नऊ वर्षांची आणि तू चौदाची. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, बाबा एकटे भट्टीवर. तू आठवीची पुस्तकं कपाटावर ठेवलीस आणि मला म्हणालीस, "दोघींनी एकच काम केलं तर दुसरं कोण करणार? मी पीठ मळते, तू वाच." मला ती वाटणी अगदी बरोबर वाटली होती. नऊ वर्षांच्या मुलीला वाटणारच. पण मी चौदाची झाले तेव्हाही वाटली, एकोणीसची झाले तेव्हाही वाटली. तू मळायचीस आणि मी मैद्याच्या पोत्यावर बसून मोठ्याने धडे वाचायचे. इतिहास, भूगोल, मग कॉलेजची ती जाडजूड पुस्तकं. तुझं लग्न होईपर्यंत. तू पीठ उलटं करताना विचारायचीस, "मग पुढे?" जशी काही गोष्टच चाललीय. माझं खडू हे नावही तेव्हाच पडलं, ट्रेच्या पाठीवर खडूने आकृत्या काढून तुला समजवायचे म्हणून.

आता शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवसावर येते. सातही खेपा फसल्या होत्या. छापखान्यातून लेबलं आणायची होती आणि मला उठवत नव्हतं. दुपारचं जेवण झाल्यावर तू म्हणालीस, "तू लेबलं घेऊन ये, तुझं पीठ मी लावते. कृती वहीत आहे ना?" मी म्हटलं, भट्टी दहा अंशांनी कमी ठेव, बाकी तेच. खरं तर मला काहीच आशा नव्हती. छापखान्यात अक्षरं चुकली होती, ती पुन्हा लावून घेण्यात संध्याकाळ झाली. परत आले तर दुकानात वास वेगळा होता. जाळीवर सहा ट्रे. लाल. अगदी बाबांच्या बाटलीसारखा भडक लाल नव्हे, जुन्या मखमली पडद्यासारखा खोल, जरासा काळपट लाल, आणि बिस्किट मोडलं की आतूनही तोच. मी तुला धरून गरागरा फिरवलं. तू हसत होतीस. म्हणालीस, "जमलं बघ तुझं." तुझं. मी वही काढून लिहिलं: खेप आठ, भट्टी दहा अंश कमी, यशस्वी. तू शेजारी बसून एकशे चाळीस पाकिटांवर खळ लावून लेबलं चिकटवलीस. रंग: फक्त बीट. एकही वाकडं नाही.

सकाळी तू आणि बाबा टोपल्या घेऊन शाळेत गेलात. मी मागे राहिले, मुलांसमोर काय बोलायचं ते पाठ करत. कचरा बाहेर ठेवायला डबा उचलला आणि बिटाच्या सालींखाली ती बाटली दिसली. रिकामी. आठवड्यापूर्वी मी स्वतः पाहिली होती, पाऊण भरलेली. मोरीच्या जाळीवरही लाल डाग होता. आणि माझ्या शिकलेल्या डोक्याने क्षणात हिशेब मांडला. सात खेपा मी समोर होते, सातही तपकिरी. आठवीला मी नव्हते, लाल. ताईला माझी कीव आली. ताईने बाटली ओतली. मला दुसरं काही सुचलंच नाही, कारण ते इतकं नीट जुळत होतं. डोळ्यासमोर फक्त चष्मेवाली. मी धावत सुटले.

सभागृहात काय झालं ते तुला माहीत आहे आणि ते मला लिहायचं नव्हतं. मघाशी हा परिच्छेद सोडून मी पुढचा लिहायला घेतला होता. पण क्रम पाळायचं मीच ठरवलंय. तर मी दारातून ओरडले, "थांबा, कुणी खाऊ नका, यात बाटलीतला रंग आहे." मोठ्या बाई म्हणाल्या, "पण लेबलावर तर..." आणि मी तुझ्याकडे बोट दाखवलं. एकशे चाळीस मुलं, त्यांच्या बाई, दारातले पालक, सगळ्यांसमोर. म्हणाले, "माझ्या बहिणीने घातलाय. ती शिकलेली नाही, तिला कळत नाही." चष्मेवालीच्या हातात बिस्किट होतं, तोंडापासून वीतभर. तिच्या आईने ते झडप घालून काढून घेतलं. मुलांनी पाकिटं परत टोपल्यांत टाकली, एकेक, रांगेने, काही न विचारता. चष्मेवाली पुन्हा हातांवर बसली. मला वाटलं, तू माझ्या तोंडाकडे बघशील. तू माझ्या पायांकडे पाहिलंस. मी एकाच चपलेवर आले होते. टोपल्या उचलून मी घरी पोचले तोवर तू दुपारची बस गाठायला निघून गेली होतीस, आणि वाटेत कुठेतरी पडलेली माझी दुसरी चप्पल उंबऱ्याशी सरळ करून ठेवलेली होती.

आता जे सांगते त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी त्या दिवशी दुपारी एक परीक्षा केली, आणि ती तुला निर्दोष ठरवायला केली नव्हती. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर शंका दिसली होती, म्हणून मी बरोबर आहे याचा पुरावा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक आहे ते. खाण्याच्या पदार्थात कारखान्यातला रंग आहे की फळा-भाजीचा, हे पांढऱ्या लोकरीवरून कळतं. पदार्थ पाण्यात भिजवायचा, गाळायचा, जरा व्हिनेगर घालायचं आणि त्यात लोकरीचा धागा उकळायचा. कारखान्यातला रंग धाग्याला असा धरतो की किती धुतलं तरी जात नाही. भाजीचा रंग धुतला की निघून जातो. लोकर कुठून आणायची म्हणून शोधत होते तर बाकाखाली तुझा गुंडा सापडला. घाईत राहिला असणार. त्यातलेच दोन धागे कापले. एक बाटलीच्या तळाशी उरलेल्या थेंबांत उकळला, एक बिस्किटांच्या पाण्यात. दहा मिनिटं. मग नळाखाली धरले. बाटलीतला धागा लालभडक, साबण लावला तरी तसाच. बिस्किटांचा धागा बाहेर आला तेव्हा गुलाबी होता आणि मी मनात म्हणाले, बघा. नळ सोडला. गुलाबी पाणी मोरीत गेलं आणि माझ्या बोटांत पांढरा धागा राहिला. मला कळेचना. मी दुसऱ्या पाकिटातलं बिस्किट घेतलं, मग टोपलीच्या तळातलं, मग दुसऱ्या टोपलीतलं. असं करत बिस्किटांचे सहा धागे झाले. सगळे पांढरे.

मग मी बाबांकडे गेले. ते ट्रेला लोणी लावत होते. म्हटलं, बाबा, ती बाटली कुणी रिकामी केली? त्यांनी हातातला ट्रे पुरा केला. मग म्हणाले की त्या दुपारी बाटली त्यांनीच फळीवरून काढली होती. माझा पडलेला चेहरा त्यांना बघवत नव्हता. अर्धं झाकण घालू, पोरगी खूश होईल, कुणाला कळतंय, असं त्यांच्या मनात होतं. तू त्यांच्या हातातून बाटली घेतलीस, मोरीत उपडी केलीस आणि वर पाणी सोडलंस. म्हणालीस, "बाबा, तिने त्या पोरीच्या आईला शब्द दिलाय. तो आपण मोडायचा नाही. आणि खडूला यातलं काही सांगायचं नाही." मी विचारलं, मग सभागृहात आणि घरी आल्यावरही मी इतकं बडबडत होते तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत? त्यावर बाबा जे म्हणाले ते मी आठ दिवस डोक्यात घेऊन फिरतेय. म्हणाले, "रंग मोरीत जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पण तू इतकं ठासून बोललीस, मला वाटलं, तू शिकलेली आहेस, तुला काही जास्त दिसलं असेल."

ताई, मी शिकले ते कशासाठी? माझ्या बापाने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये म्हणून?

आणि तू केलंस तरी काय, हे अजून नीट कळत नाही. मी भट्टीपाशी चोरासारखी माग काढत बसले. सोड्याचा जुना डबा मी सातव्या खेपेत संपवला होता, नव्याचं सील तसंच आहे, म्हणजे सोडा तू घातलाच नाहीस. व्हिनेगरची बाटली दोन बोटं खाली गेलीय. डब्यातल्या बिटाच्या साली कच्च्या आहेत. मी बीट उकडून वाटत होते, तू किसून पिळलेलं दिसतंय. मी वापरत होते तो काळा कोको तसाच आहे, बाबांचा जुना फिकट कोको मात्र कमी झालाय. आंबटात बिटाचा रंग तगतो आणि सोड्यात मरतो. हा परीक्षेत सहा मार्कांचा प्रश्न होता, ताई. मला सहाच्या सहा पडले होते. आणि मी इथे एकाच घमेल्यात लिंबूही पिळत होते आणि बाबांच्या जुन्या कृतीतला सोडाही घालत होते, एका हाताने देत होते आणि दुसऱ्या हाताने काढून घेत होते. सात वेळा! हे सगळं कळल्यावर मी नववी खेप केली. सोडा नाही, व्हिनेगर, कच्चं बीट, फिकट कोको. विटेसारखी झाली. लाल म्हणता येईल, पण विटेचा लाल, आणि चावायलाही विटेसारखीच. पोस्टमन म्हणाला, "प्रगती आहे. मातीची वीट झाली." म्हणजे अजून काहीतरी तुझ्या हातात आहे जे मला डब्यांवरून वाचता येत नाही.

काल ट्रे घासताना एकदम आठवलं. सहाव्या खेपेच्या दिवशी तू मला विचारलं होतंस, "खडू, ते आंबटाचं काय होतं गं? तू वाचायचीस ते. आमच्या हौदातही लोकर रंगवताना आंबट घालतात, त्यावरून आठवलं." मी वहीतून मान वर केली नव्हती. म्हणाले होते, "ताई, ते पुस्तकातलं आहे. तुला नाही कळायचं." म्हणजे 'तिला कळत नाही' हे मी सभागृहात पहिल्यांदा बोलले नव्हतेच. तिथे फक्त मोठ्याने बोलले. तू मळता मळता ऐकलेलं तुझ्याकडे राहिलं आणि मी वाचलेलं परीक्षेच्या कागदावर राहून गेलं. याचं काय करायचं ते मला खरंच समजत नाही.

आणि खोटं कशाला बोलू, मला तुझा थोडा रागही आलाय. जमलं बघ तुझं, असं तू का म्हणालीस? माझ्या हाताने मी वहीत यशस्वी लिहिलं आणि तू बघत राहिलीस. तेव्हाच म्हणाली असतीस की सोडा काढलाय, तर मी चिडले असते, एक दिवस तोंड फुगवून बसले असते, आणि मग सभागृहात धावत जायची वेळ आली नसती. तुला वाटलं का की मला सहन होणार नाही? मी इतकी ठिसूळ आहे? लगेच वाटतं, हो, आहेच की. बाटली बघून तुला एक प्रश्न विचारायलाही मी थांबले नाही. मग वाटतं, तू तिथे तरी तोंड उघडायचंस. मग वाटतं, दीडशे लोकांसमोर बहिणीने असं म्हटल्यावर कुणाचं तोंड उघडेल? असं हे चक्र फिरतंय आणि मी त्याच्या मधोमध पीठ लावलेल्या हातांनी उभी आहे.

पण एक गोष्ट कळलीय आणि त्यासाठीच हे पत्र. काल मी मोठ्या बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं, सहा धागे टेबलावर ठेवले. शाळा उघडेल त्या सकाळी त्या सगळ्या मुलांना आणि पालकांना पुन्हा त्याच सभागृहात बोलावणार आहेत. मी जिथून ओरडले होते तिथे उभी राहून सांगणार आहे की माझी ताई खरी होती, तिलाच कळत होतं, आणि मी खोटं बोलले. तू ये किंवा येऊ नकोस, हे मी बोलणारच आहे, त्याला अट नाही. मग चष्मेवालीच्या घरी गेले. तिची आई दार अर्धवट धरूनच म्हणाली, "एकदा जबाबदारी माझी म्हणालात, मग खाऊ नका म्हणालात, आता पुन्हा खा म्हणता. मी कुणाचं ऐकू? जिने ती केली तिने समोर येऊन सांगावं, मग बघू." तिचं काही चुकत नाही. आतून ती पोरगी माझ्याकडे बघत होती. जुनी पाकिटं आता द्यायची नाहीत, नवी करावी लागतील, आणि ती मला येत नाहीत. शाळा पुढच्या सोमवारी उघडते. रजा मिळणार नाही हे दिसतंय मला, पण शनिवारची दुपारची बस रविवारच्या कामाला पुरे होते, आणि भाऊजींना मी विचारलंय, ते म्हणाले की स्वेटर अजून तीन वर्षं थांबू शकतो. सोबत तुझ्या गुंड्यातला, बिस्किटांच्या पाण्यात उकळलेला एक धागा ठेवतेय, पांढरा. लाल धागा मी वहीत आठव्या खेपेच्या पानावर चिकटवलाय आणि तिथलं माझं वाक्य खोडून तुझं नाव लिहिलंय. त्याखालची जागा कोरी आहे. ये. या वेळी पीठ मी मळेन. तू मैद्याच्या पोत्यावर बसून मोठ्याने सांगत जा. मी मध्ये बोलणार नाही, फक्त पीठ उलटं करताना विचारेन, मग पुढे?

तुझीच,
खडू